रिफ्रेश केलं की चालतं! गजबजलेल्या सर्व्हरच्या लहरीपणामागचं गणित

निकालाचं पान उघडायचं असतं, किंवा तिकिटाचं. बटण दाबलं की चक्र फिरत राहतं आणि बऱ्याच वेळाने ‘कनेक्शन टाइम-आउट’ अशी पाटी येते. वैतागून रिफ्रेश करावं तर पान क्षणात समोर. तक्रार केली की पलीकडचा माणूस स्वतःच्या संगणकावर तपासून सांगतो, ‘माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय.’ तो खोटं बोलत नसतो. तुम्हीही नसता.

ठप्प झालेला सर्व्हर, म्हणजे पानं पुरवणारा पलीकडचा संगणक, दुरुस्त करणं त्या मानाने सोपं, कारण दोष समोर उभा असतो. शंभरातल्या दोन-तीन विनंत्या गिळणारा सर्व्हर मात्र तपासायला कुणी आलं की शहाण्या मुलासारखा वागतो. मग अहवालात ‘रँडम प्रॉब्लेम’ असं लिहून विषय मिटवला जातो. माझ्या मते या क्षेत्रात सगळ्यात जास्त वेळ या ‘रँडम’ शब्दाने वाया घालवला आहे. असे बिघाड क्वचितच लहरी असतात. कुठेतरी एक मर्यादा असते, गर्दीत ती काही क्षण भरते, ओसंडते आणि पुन्हा ओसरते. ओसरल्यावर तपासलं तर सगळं ठीकच दिसणार.

## आधी दारात काय घडतं ते पाहू

तुमचा फोन आणि सर्व्हर एकमेकांना माहिती पाठवतात ती छोट्या छोट्या तुकड्यांत. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. बोलणं सुरू होण्याआधी तीन पॅकेटांचा एक शिष्टाचार असतो: ‘येऊ का?’, ‘या, आणि मीही बोलू ना?’, ‘हो, बोला.’ एवढं झालं की कनेक्शन जुळलं.

प्रत्येक कनेक्शनची ओळख चार गोष्टींनी ठरते: पाठवणाऱ्याचा पत्ता, त्याचा पोर्ट क्रमांक, घेणाऱ्याचा पत्ता आणि त्याचा पोर्ट क्रमांक. पत्ता म्हणजे इमारत, पोर्ट म्हणजे त्या इमारतीतल्या खोलीचा नंबर. हे चार आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरच बरंच काही अडणार आहे.

एखादं पॅकेट वाटेत हरवलं तर ते हरवल्याचं कुणी कळवत नाही. पाठवणारा ठरावीक वेळ वाट पाहतो आणि पुन्हा पाठवतो. म्हणूनच हरवलेलं पॅकेट आपल्याला ‘चूक’ म्हणून दिसत नाही, ते ‘उशीर’ म्हणून दिसतं.

## थोडी गर्दी वाढली, तर एकदम एवढं काय बिघडतं?

पहिला आक्षेप हाच येतो. काल ८० टक्के भार होता तेव्हा सुरळीत होतं, आज ९० टक्के आहे, एवढ्याने काय होणार?

एका खिडकीची कल्पना करा. माणसं वाटेल तेव्हा येतात आणि प्रत्येकाचं काम कमी-जास्त वेळ घेतं. खिडकीवरचा माणूस निम्मा वेळच कामात असेल, तर नव्याने आलेल्याला सरासरी एका माणसाच्या कामाइतकं थांबावं लागतं. तो ८० टक्के वेळ कामात असेल तर चार माणसांइतकं, ९० टक्क्यांना नऊ आणि ९५ टक्क्यांना एकोणीस माणसांइतकं. भार पाच टक्क्यांनी वाढला आणि थांबणं दुपटीहून अधिक झालं. या प्रकारच्या गणिताचा पाया डेन्मार्कच्या ॲग्नर एरलांग यांनी १९०९ साली घातला, तेही टेलिफोन एक्स्चेंजमधल्या कॉलच्या अभ्यासातून. यंत्रं बदलली, रांगेचा स्वभाव तोच राहिला.

आणि ही सरासरी झाली. प्रत्यक्षात माणसं एकसारख्या अंतराने येत नाहीत, घोळक्याने येतात. घोळका आला की रांग दाराबाहेर जाते, पाच सेकंदांनी पुन्हा आत येते. त्या पाच सेकंदांत आलेले लोक म्हणतात ‘बंद आहे’, बाकीचे म्हणतात ‘चालू आहे’.

## किती सेकंद अडकलं, ते आधी विचारा

डॉक्टर जसा ताप कधी चढतो आणि कधी उतरतो ते विचारतो, तसं इथे पहिला प्रश्न हवा, ‘नेमकं किती सेकंद अडकलं?’ ‘खूप वेळ’ हे उत्तर कामाचं नाही. उशीर साधारणपणे काही ठरावीक आकड्यांवरच साचतो, कारण प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी ठरवून ठेवलेली एक वाट पाहण्याची मुदत असते.

‘येऊ का?’ हे पहिलं पॅकेट हरवलं तर संगणक ते १ सेकंदाने पुन्हा पाठवतो, मग दर वेळी मुदत दुप्पट करत जातो. म्हणून कनेक्शन जुळायला लागलेला वेळ १, ३ किंवा ७ सेकंदांच्या आसपास दिसत असेल तर दारातलंच पॅकेट हरवतंय असं समजावं. (सर्व्हरवर बहुधा चालणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी नव्या आवृत्त्यांमध्ये सुरुवातीचे काही प्रयत्न एकेका सेकंदाने होतात, तेवढा फरक ध्यानात ठेवायचा.) उशीर बरोबर ५ सेकंदांचा असेल तर माझा संशय आधी डीएनएसवर जातो. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा. तिच्याकडून उत्तर आलं नाही तर लिनक्स ठरलेल्या सवयीने ५ सेकंद थांबून पुन्हा विचारतो. अशा वेळी सर्व्हर आणि त्याचं नेटवर्क दोन्ही धडधाकट असतात, पत्ता सांगणारा तेवढा गप्प बसलेला असतो. आणि बरोबर ३० किंवा ६० सेकंदांनी चूक येत असेल, तर बहुधा मधल्या कुठल्यातरी प्रोग्रॅमने आपली मुदत संपली म्हणून फोन ठेवून दिलेला असतो.

लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, नुसतं ‘फेल’ लिहून न ठेवता किती मिलिसेकंद लागले ते लिहिलं तर निम्मा तपास तिथेच होतो. हे किती ठिकाणी केलेलं नसतं ते पाहिलं की आश्चर्य वाटतं.

## दाराबाहेरची बाकं

कनेक्शन जुळलं की ते लगेच प्रोग्रॅमच्या हातात पडत नाही. प्रोग्रॅम मोकळा होईपर्यंत ते एका रांगेत बसतं. या रांगेत किती जण बसू शकतात याला कमाल मर्यादा असते. लिनक्समध्ये ती कित्येक वर्षं १२८ होती. २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून ती ४०९६ झाली. पण प्रोग्रॅमने स्वतः कमी आकडा मागितला असेल तर तोच लागू होतो, म्हणून नुसती सिस्टिमची मर्यादा वाढवून काही जण हात झटकतात आणि तक्रारी तशाच येत राहतात.

बाकं भरली की लिनक्स नव्या माणसाला ‘जागा नाही’ असं सांगत नाही, त्याचं पॅकेट मुकाट्याने टाकून देतो. हा उद्धटपणा मुद्दाम ठेवलेला आहे. नकार कळवला तर समोरचा चूक दाखवून थांबेल. गप्प राहिलं तर तो सेकंदाने पुन्हा विचारेल आणि तोवर कदाचित जागा झालेली असेल. हेतू चांगला, पण तपासणाऱ्याच्या दृष्टीने पंचाईत. प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये या माणसाची नोंदच नसते, कारण तो आत आलाच नाही. ‘आमच्या लॉगमध्ये एकही चूक नाही’ हे वाक्य म्हणूनच पुरावा ठरत नाही. टाकून दिलेल्यांचा हिशेब ऑपरेटिंग सिस्टिमच्या मोजणीत असतो, तिथे पाहावं लागतं.

## चाव्या संपतात तेव्हा

आता माझ्या आवडत्या बिघाडाकडे येऊ. आवडता अशासाठी की आकडेमोड केली तर तो कागदावरच पकडता येतो.

गजबजलेला सर्व्हर लोकांना उत्तरं देतो तेव्हा तो स्वतःही मागे कुणालातरी विचारत असतो, बहुतेक वेळा डेटाबेसला, म्हणजे माहिती साठवून ठेवणाऱ्या यंत्रणेला. म्हणजे एका दाराने तो यजमान आणि दुसऱ्या दाराने पाहुणा. पाहुणा म्हणून जाताना त्याला दर वेळी एक मोकळा पोर्ट लागतो, जणू काउंटरवरून घ्यायची चावी. लिनक्स यासाठी ३२७६८ ते ६०९९९ हे क्रमांक वापरतो. म्हणजे २८,२३२ चाव्या. भरपूर वाटतात.

पण काम संपल्यावर चावी लगेच परत फळीवर लागत नाही. जो आधी फोन ठेवतो त्याच्याकडे ते कनेक्शन आणखी ६० सेकंद ‘टाइम-वेट’ नावाच्या अवस्थेत राहतं. वाटेत रेंगाळलेलं एखादं जुनं पॅकेट उशिराने आलं आणि त्याच नंबरच्या नव्या कनेक्शनमध्ये घुसलं तर घोटाळा होईल, म्हणून ही खबरदारी. आता भागाकार करा: २८,२३२ भागिले ६०, साधारण ४७०. सर्व्हर एकाच डेटाबेसशी सेकंदाला ४७० पेक्षा जास्त नवी कनेक्शनं जोडून तोडत राहिला, तर मिनिटाभरात चाव्या संपू शकतात. मग ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ असा चमत्कारिक संदेश येतो, जो वाचून पोर्टची आठवण फारशी कुणाला होत नाही. गर्दी जरा ओसरली की मिनिटभरात चाव्या परत येतात आणि बिघाड आपोआप ‘बरा’ होतो.

‘म्हणजे एका सर्व्हरवर ६५ हजारांपेक्षा जास्त लोक येऊच शकत नाहीत का?’ हा प्रश्न हमखास येतो, कारण पोर्ट क्रमांक ६५,५३५ च्या पुढे जात नाही. तसं काही नाही. मघाचे चार आकडे आठवा. येणाऱ्या प्रत्येक माणसाचा पत्ता किंवा निदान पोर्ट वेगळा, त्यामुळे सर्व्हरच्या एकाच दारावर लाखो कनेक्शनं वेगवेगळी ओळखता येतात. अडचण एका पत्त्यावरून एकाच पत्त्याच्या एकाच दारावर वारंवार जाणाऱ्याची होते. चारपैकी तीन आकडे कायम आणि बदलायला एकच उरतो.

यावर उपाय साधा आहे: दर वेळी नवी चावी घेण्याऐवजी काही कनेक्शनं उघडीच ठेवायची आणि आळीपाळीने वापरायची. याला कनेक्शन पूल म्हणतात. पण इंटरनेटवर बरीच वर्षं दुसराच उपाय फिरत होता, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लिनक्समध्ये ‘टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल’ नावाची एक कळ होती. ती दाबली की टाइम-वेटमधली कनेक्शनं झटपट मोकळी व्हायची. मात्र त्यासाठी सर्व्हर समोरच्या पत्त्याकडून आलेल्या पॅकेटवरचा वेळेचा शिक्का तपासायचा आणि मागच्यापेक्षा जुना वाटला तर पॅकेट फेकायचा. एका राउटरमागे अनेक संगणक असले की बाहेरून त्यांचा पत्ता एकच दिसतो, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. झालं! एकाच कार्यालयातल्या एकाचं पान उघडायचं आणि शेजारच्याचं नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला लावल्याने शेंडीलाच जखम झाली. २०१७ च्या ४.१२ आवृत्तीत ही कळ लिनक्समधून काढूनच टाकली. तिची शिफारस करणारे जुने सल्ले मात्र अजून वाचायला मिळतात.

याच जातीची आणखी एक मर्यादा उघड्या फायलींची. लिनक्सला प्रत्येक कनेक्शन ही एक उघडी फाइलच वाटते आणि एका प्रोग्रॅमला मिळणारी नेहमीची मर्यादा पुष्कळदा १०२४ इतकीच असते. बरं, इथे निदान ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असा सरळ संदेश तरी येतो.

## पहारेकऱ्याची वही

सर्व्हरवरची फायरवॉल प्रत्येक चालू कनेक्शनची नोंद ठेवते, आत आलेल्यांची नावं वहीत लिहिणाऱ्या पहारेकऱ्यासारखी. वहीची पानं मोजकी असतात. ती भरली की नव्या माणसाला प्रवेश नाही, पण ज्यांची नावं आधीच लिहिलेली आहेत ते सुखेनैव ये-जा करतात. आत शिरलेल्यांचं सगळं चालू आणि नव्यांचं बंद असं चित्र दिसलं की मी आधी या वहीकडे पाहतो. लिनक्सच्या या वहीत जुळलेलं पण निपचित पडलेलं कनेक्शन ठरलेल्या मुदतीप्रमाणे ५ दिवस राहतं. ५ दिवस! न सांगता निघून गेलेल्यांची नावं पानं अडवून बसलेली असतात. सुदैवाने वही भरली की कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये तसा स्पष्ट संदेश उमटतो. तो वाचायला कुणी जात नाही, एवढीच अडचण.

उलटा प्रकारही होतो. वाटेतली एखादी फायरवॉल काही मिनिटं शांत असलेलं कनेक्शन वहीतून खोडते आणि दोन्ही टोकांना कळवत नाही. कनेक्शन जिवंत आहे का हे लिनक्स स्वतःहून तपासतो, पण तसं सांगितलं असेल तरच, आणि तेही २ तासांनी. मधल्या काळात पूलमधलं असं मेलेलं कनेक्शन ज्या विनंतीच्या वाट्याला येतं ती अडकते. गंमत अशी की हा बिघाड गर्दीत न होता शांततेनंतर होतो, पहाटेनंतरच्या पहिल्या काही विनंत्यांना. ‘भार कमी असताना कसा काय बिघडतो?’ या प्रश्नाचं एक उत्तर हे.

## रिफ्रेशने का चालतं?

मोठ्या नेटवर्कमध्ये दोन ठिकाणांमधे एकच तार नसते, समजा चार असतात. कुठलं कनेक्शन कुठल्या तारेने जाईल हे त्याच चार आकड्यांच्या एका हिशेबावरून ठरतं आणि ते कनेक्शन शेवटपर्यंत त्याच तारेवर राहतं. चारपैकी एक तार किंवा तिचा जोड खराब असेल तर साधारण चारातलं एक कनेक्शन कायम आजारी, उरलेली तीन ठणठणीत. रिफ्रेश केल्यावर नवं कनेक्शन उघडलं तर त्याचा पोर्ट बदलतो, पोर्ट बदलला की हिशेब बदलतो आणि बहुधा वाट बदलते. तुमच्या फोनला यातलं काहीच कळत नाही.

आणि म्हणूनच ‘पिंग तर चालू आहे’ या युक्तिवादावर मी फार विसंबत नाही. पिंग हे पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते पाहणारं, १९८३ मध्ये माइक मूस यांनी लिहिलेलं साधं आणि उत्तम हत्यार आहे. पण पिंगच्या पॅकेटला पोर्ट नसतो, बाकांची रांग लागत नाही, चावी लागत नाही. ते एखाद्या चांगल्या तारेवर पडलं तर पुन्हा पुन्हा तिथूनच जात राहतं. दार ठोठावल्यावर आतून ‘ओ’ आली, एवढंच पिंग सांगतं. आत बसायला जागा आहे का, हे त्याला विचारलेलंच नसतं.

## आलेख तर १० टक्केच दाखवतो

पाच मिनिटांची सरासरी घेणाऱ्या आलेखात तार ३० सेकंद पूर्ण भरली आणि उरलेली साडेचार मिनिटं रिकामी राहिली, तर आकडा येतो १० टक्के. त्या ३० सेकंदांत पॅकेटं सांडली, लोक वैतागले, आलेख मात्र प्रसन्न. हे भरणं काही मिलिसेकंदांपुरतंही असू शकतं. तेवढ्यात नेटवर्क कार्डाचा छोटा साठा ओसंडतो आणि कार्ड आपल्या मोजणीत ‘इतकी टाकली’ असा आकडा वाढवून मोकळं होतं.

हे आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासूनचे एकूण असतात, त्यामुळे एकदाच पाहून अर्थ लागत नाही. दर दहा सेकंदांनी त्यांची नोंद करायची आणि आधीच्या नोंदीशी वजाबाकी करायची. ज्या दहा सेकंदांत तक्रारी आल्या त्याच दहा सेकंदांत कुठला आकडा उडी मारतो? बाकांवरून परतवलेल्यांचा, कार्डाने टाकलेल्यांचा, की पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा? तपासाचा गाभा इतकाच आहे. दोन्ही टोकांची घड्याळं जुळलेली असणं मात्र अत्यावश्यक, नाहीतर ही ताडणी फसते.

त्यानेही भागलं नाही तर टीसीपीडंपसारख्या साधनाने पॅकेटांचं मुद्रणच (रेकॉर्डिंगच) करायचं, तेही एकाच वेळी दोन्ही टोकांना. इकडून निघालं आणि तिकडे पोचलं नाही, तर दोष वाटेत. तिकडे पोचलं आणि उत्तर निघालं नाही, तर दोष सर्व्हरमध्ये. ‘नेटवर्कवाले’ आणि ‘सर्व्हरवाले’ यांच्यातली कित्येक आठवड्यांची तू-तू मैं-मैं अशा एका मुद्रणाने मिटते. बिघाड कधी येईल ठाऊक नसतं, म्हणून मुद्रण ठरावीक आकाराच्या फायलींत फिरतं ठेवायचं, जुनं पुसत नवं लिहीत. बिघाड दिसला की थांबवायचं.

## रीस्टार्ट केलं की बरं होतं, मग एवढा खटाटोप कशाला?

कारण रीस्टार्टने रांगा रिकाम्या होतात, अडकलेली कनेक्शनं सुटतात, आणि यंत्रच बंद करून सुरू केलं तर मोजणीचे सगळे आकडेही शून्यावर येतात. म्हणजे रोग दबतो आणि पुरावा जळतो. शिवाय गर्दी त्याच सुमाराला ओसरणार असेल तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, आणि रीस्टार्टला नसलेलं श्रेय मिळतं. लोक ताटकळत असताना रीस्टार्ट करावंच लागतं, त्याला माझा विरोध नाही. पण आधी अर्धा मिनिट काढून सगळे आकडे एका फायलीत उतरवून ठेवावेत.

मर्यादा वाढवतानाही एका वेळी एकच वाढवावी. पाच एकदम वाढवल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही. आणि प्रोग्रॅमच संथ असेल तर बाकं वाढवून फक्त वाट पाहणारे वाढतात.

## मग आपोआप पुन्हा प्रयत्न करायला लावा की!

हा शेवटचा आक्षेप सगळ्यात मोहक आहे. एखादं पॅकेट हरवणाऱ्या नेटवर्कवर पुन्हा प्रयत्न करणं योग्यच. पण भरलेल्या रांगेवर त्याचा परिणाम उलटा होतो.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून जेमतेम ४०० यार्डांवरच्या बर्कली विद्यापीठाकडे जाणाऱ्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. पॅकेटं उशिरा पोचत होती, पाठवणारे ती हरवली असं समजून पुन्हा पाठवत होते आणि त्याने आणखी उशीर होत होता. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा माग काढला आणि १९८८ च्या शोधनिबंधात उपाय मांडले: कोंडी दिसली की पाठवणाऱ्याने आपणहून मागे सरायचं. आज प्रत्येक फोनमध्ये ती शिस्त आहे, पण ती पॅकेटांच्या पातळीवर. त्याच्या वर बसलेला ॲप बनवणारा ‘जमेपर्यंत दर सेकंदाला प्रयत्न कर’ असं लिहून मोकळा होतो आणि तीच कोंडी वरच्या मजल्यावर पुन्हा घडते.

म्हणून दर प्रयत्नानंतरची मुदत दुप्पट करत न्यायची, तिच्यात थोडा अनियमितपणा मिसळायचा, म्हणजे एकदम परतवलेले सगळे पुन्हा एकदम येत नाहीत, आणि प्रयत्नांची संख्या बांधून ठेवायची. हे ॲपसाठी झालं. माणसाच्या बोटाला अशी शिस्त नसते. अर्ध्या मिनिटात दहा वेळा रिफ्रेश दाबलं की सर्व्हर पुष्कळदा दहाही उत्तरं तयार करत बसतो, आणि त्यातल्या नऊ उत्तरांची वाट पाहणारं पलीकडे कुणीच नसतं.